खोट्या आकाशाची बाजू

२०१७ च्या जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच सकाळी एकच बातमी तीनदा आली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विश्वातली सर्वांत मोठी रचना शोधून काढली, तिचं नाव ‘सरस्वती’. खाली जोडलेले हात आणि तिरंगे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, “आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं.” सातव्या मजल्यावरच्या एका तरुणाने विचारलं, “याचा उपयोग काय?” दुपारपर्यंत दोघांची जुंपली आणि संध्याकाळी पाण्याच्या टँकरचा विषय निघाल्यावर थांबली. या गदारोळात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. मीही विचारला नाही, आणि मी तर आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. तो प्रश्न असा : सर्वांत मोठी, पण कशाच्या तुलनेत?

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. माझा राग त्या काकांवर नाही, त्या तरुणावरही नाही. माझा राग मराठीतल्या विज्ञानलेखनावर आहे. गेली कित्येक वर्षं ते आपल्याला ‘अबब’ म्हणायला शिकवत आलं आहे. इतके कोटी प्रकाशवर्षं, इतके अब्ज सूर्य, आपण किती क्षुद्र! एवढं झालं की लेख संपतो. खगोलशास्त्रज्ञ ज्या कामासाठी रात्री जागवतात ते काम, म्हणजे मोजणं आणि मोजलेल्याची तुलना करणं, वाचकापर्यंत येतच नाही. वाचकाला जड जाईल म्हणून ते वाटेतच उतरवून ठेवलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी एका पुरवणीसाठी मी दीर्घिकांच्या समूहांवर लेख लिहिला होता. संपादकांचा फोन आला. “सर, लेख छान आहे, फक्त तो मोजणीचा भाग काढून टाकू. वाचक घाबरतो.” मी काढू दिला. छापून आलेल्या लेखात मोठमोठे आकडे सगळे शाबूत होते. ते आकडे कळण्यासाठी लागणारा अर्धा पान मजकूर तेवढा नव्हता. म्हणून या अपराधात मीही सामील आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता त्या बातमीकडे वळू. पुण्याच्या आयुकामधले जयदीप बागची, त्यांच्याबरोबर आयसर पुण्याचे शिशिर सांख्यायन, आयुकाचे तेव्हाचे संचालक सोमक रायचौधुरी, प्रतीक दाभाडे आणि जमशेदपूर व केरळमधले सहकारी यांनी हा शोध लावला. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकमेकींत गुंतून राहतात, त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. असे समूहही पुन्हा जवळजवळ आढळतात, तो महासमूह. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, चाळीसहून अधिक समूह सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात एकत्र आहेत, आणि त्यांचं वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांइतकं असावं, असं या मंडळींनी दाखवलं. त्यांनी स्वतः ‘ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या रचनांपैकी एक’ असं जपून म्हटलं होतं. आमच्या ग्रुपवर पोचेपर्यंत त्यातलं ‘पैकी एक’ गळून पडलं होतं.

ते गळलं नसतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता : बाकीच्या कोणत्या? २००३ साली जाहीर झालेली ‘स्लोन ग्रेट वॉल’ ही दीर्घिकांची भिंत १३० कोटी प्रकाशवर्षांहून लांब आहे, म्हणजे सरस्वतीच्या दुपटीहून जास्त. मग सरस्वतीचं महत्त्व कमी झालं का? मुळीच नाही. लांबी हे एक माप, वस्तुमानाची दाटी हे दुसरं, आणि इतक्या दूर, म्हणजेच इतक्या जुन्या काळात ती दाटी असणं हे तिसरं. यातल्या कोणत्या मापाने ती असामान्य ठरते, यातच खरी गोष्ट आहे. ‘सर्वांत मोठी’ हे दोन शब्द ती गोष्ट सुरू होण्याआधीच संपवून टाकतात.

मी पवईला रामबागेत राहतो. आमच्या गच्चीवरून रात्री तारे दिसत नाहीत, पाचसात दिसले तर आनंद मानायचा. पण खिडक्या दिसतात. पूर्वेला हिरानंदानीच्या टॉवरांमध्ये हजारो पेटलेल्या खिडक्या, उत्तरेला तलावाचा काळा तुकडा, त्याच्या पलीकडे आयआयटीच्या वसतिगृहांचे दिवे आणि मागे विहारच्या जंगलाचा अंधार. विश्वाचा नकाशा समजायला पवई वाईट जागा नाही. दिवे सारखे पसरलेले नाहीत. कुठे दाटी आहे, कुठे तलावाएवढी पोकळी. आता समजा, एखाद्याने मला विचारलं, की या खिडक्या खरोखर झुंडीने राहतात हे सिद्ध कर. ‘दिसतंच आहे की’ हे उत्तर चालणार नाही, कारण आपला डोळा नको तिथेही झुंडी पाहतो.

हे पटत नसेल तर घरी करून बघा. शंभर चौकोनी फरशा असलेल्या खोलीत मोहरीचे चारशे दाणे उधळा, असे की कुठलाही दाणा कुठल्याही फरशीवर पडण्याची शक्यता सारखीच असेल. सरासरी एका फरशीवर चार दाणे. पण प्रत्येक फरशीवर चार पडणार नाहीत. एकदोन फरशा साफ रिकाम्या राहतील आणि पाचेक फरशांवर आठ किंवा त्याहून जास्त दाणे सापडतील. यात कोणाचा हात नाही, कसलं आकर्षण नाही. निव्वळ योगायोगालाही गुठळ्या असतात. प्रत्येक फरशीवर बरोबर चार दाणे दिसले, तरच शंका घ्यावी की कोणीतरी ते हाताने मांडले आहेत.

म्हणून खगोलशास्त्रज्ञ एक विलक्षण गोष्ट करतात, जी मी मराठी लेखांत क्वचितच वाचली आहे. ते खोटं आकाश तयार करतात. खऱ्या सर्वेक्षणाने आकाशाचा जेवढा भाग पाहिला तेवढाच भाग घ्यायचा, तेवढीच खोली, धुळीमुळे जिथे कमी दिसतं तिथे तेवढंच कमी. मग त्यात बिंदू यदृच्छया टाकायचे, मोहरी उधळावी तसे. आता खऱ्या आकाशातल्या समूहांच्या जोड्या घ्यायच्या आणि ठरावीक अंतरावर किती जोड्या आहेत ते मोजायचं. खोट्या आकाशातही तेच मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे विश्वाचं म्हणणं. फरक नसेल, तर दिसलेला नकाशा कितीही देखणा असो, तो मोहरीचा नकाशा.

हा फरक मोजण्यावरून मोठं भांडण झालं आहे, आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. जॉर्ज अबेल या तरुण संशोधकाने पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रपट्टिका डोळ्यांनी तपासून १९५८ साली २,७१२ समूहांची यादी छापली. तिचं विश्लेषण करून त्याने म्हटलं की समूहांचेही समूह असावेत. फ्रिट्झ झ्विकी हा समूहांच्या अभ्यासातला दादा माणूस, त्याने ते कधीच मान्य केलं नाही. त्याआधी १९५२ साली बर्कलीच्या जर्झी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी दीर्घिकांच्या वाटणीचा संख्याशास्त्रीय सिद्धांत मांडला होता. हे दोघे दुर्बिणीवाले नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते. पुढे प्रिन्स्टनच्या जिम पीबल्स यांनी जोड्या मोजण्याची ही पद्धत पक्की केली. १९८३ साली नेटा बाहकॉल आणि रेमंड सोनेरा यांनी अबेलच्या यादीतल्या अवघ्या १०४ समूहांवर ती लावली आणि उत्तर आलं, की सारख्याच अंतरावर समूहांची एकत्र राहण्याची ओढ सुट्या दीर्घिकांच्या सुमारे अठरापट आहे.

अठरापट का? पुढच्याच वर्षी निक कायझरने खुलासा दिला, आणि तो कळायला सह्याद्री पुरेसा आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर १४०० मीटरहून उंच जागांना टाचण्या टोचा. कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर. बहुतेक टाचण्या एकाच रांगेत दाटतील. शिखरांनी एकमेकांना ओढून घेतलेलं नाही. मुळात खालची जमीनच उंच आहे, म्हणून तिच्यावरच्या छोट्या चढउतारांना शिखर होता आलं. समूह ही विश्वातल्या द्रव्याच्या उंचसखलपणाची शिखरं आहेत, त्यामुळे ती दाटीने येणारच. आणि पुढची गंमत अशी, की १९८८ साली विल सदरलंडने अबेलच्या यादीतच खोट काढली. एकामागे एक असलेल्या दूरदूरच्या दीर्घिका आकाशात एकाच जागी दिसल्याने काही समूह फुगले होते. नव्या याद्यांनी तो अठराचा आकडा खाली आणला. पण समूह दीर्घिकांपेक्षा जास्त दाटीने राहतात हे टिकलं.

ही गोष्ट काढून टाकून आपण वाचकाला काय दिलं? ‘विश्वात समूह आहेत आणि महासमूह आहेत.’ म्हणजे पाठांतर. भांडण, चूक, दुरुस्ती आणि दुरुस्तीनंतरही जे उरलं ते, यातलं काहीच नाही. विज्ञान हे निकालपत्र आहे असं आपण वाचकाला सांगत आलो. मग तो निकालपत्रासारखंच वागतो : आपला मुलगा पहिला आला का, एवढंच बघतो.

सरस्वतीच्या बाबतीत विचारण्यासारखा खरा प्रश्न पाहा. हा महासमूह ज्या पट्टीत सापडला, त्या ‘स्ट्राइप ८२’चं क्षेत्रफळ अख्ख्या आकाशाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी आहे. इतक्या लहान तुकड्यात इतकी जड रचना सापडावी, हे नशीब की विश्वात अशा रचना आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत? जास्त असतील, तर विश्व ४०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत इतकं गोळा कसं झालं, हे प्रचलित सिद्धांताला सांगावं लागेल. आणि उलट बाजूही आहे. इतक्या मोठ्या आकाशात शोधत राहिलं तर कुठेतरी सर्वांत मोठं काहीतरी सापडणारच. तेव्हा असामान्य सापडलं, यात असामान्य किती? हा प्रश्न बारावी झालेल्या कुठल्याही माणसाला कळतो. मी माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर मांडला तेव्हा तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू आली नाही.

यावर मला तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात.

पहिला, वाचक आकड्यांना घाबरतो. कोण हा वाचक? सीईटीचे पर्सेंटाइल दशांशाच्या पाचव्या-सहाव्या घरापर्यंत तोंडपाठ असलेल्या आईबापांचा हा समाज आहे. फलंदाजाची सरासरी आणि स्ट्राइक रेट यांतला फरक इथे पानाच्या टपरीवर समजावून मिळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ पडला, हे सांगितलं की तो थबकतो. तुलना आली की आकड्याला जीव येतो. वाचक घाबरतो तो तुलना नसलेल्या आकड्यांना, आणि आपण त्याला नेमके तेच वाढत आहोत.

दुसरा आक्षेप, विस्मय महत्त्वाचा, हिशोब कोरडा. मला हे उलटं वाटतं. ६० कोटी प्रकाशवर्षं ऐकून मला काही होत नाही, कारण ६० कोटी आणि ६०० कोटी यांत माझं मन फरक करू शकत नाही. पण यदृच्छ टाकलेल्या बिंदूंपेक्षा खरे समूह जास्त जवळ आहेत, आणि त्या जास्तीत विश्वाच्या बालपणातल्या चढउतारांचा ठसा राहिला आहे, हे कळलं तेव्हा मी रात्री गच्चीवर बराच वेळ थांबलो होतो.

तिसरा आक्षेप छुपा असतो : हे सगळं परकं आहे, आपल्या परंपरेत बसत नाही. मग दामोदर धर्मानंद कोसंबी कोणाचे? हा गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहणारा आणि डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जाणारा गणिती. त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली. हातोहात फिरून नाण्याची किती झीज होते हे ठरवायला त्यांनी आपल्या काळातले चलनातले रुपये तोलले, म्हणजे तुलनेची बाजू आधी उभी केली. १९४३ साली त्यांनी जी संख्याशास्त्रीय पद्धत मांडली, तीच पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने जगभर रूढ झाली. गुंतागुंतीच्या माहितीतून महत्त्वाचा आकृतिबंध वेगळा काढणारी ही पद्धत स्लोन सर्वेक्षणातल्या दीर्घिकांची वाटणी अभ्यासताना वापरली गेली. ज्या सर्वेक्षणातून सरस्वती सापडली, तेच हे सर्वेक्षण. अभिमानच बाळगायचा तर सरस्वती या नावाबरोबर कोसंबींचंही नाव घ्यायला हरकत नव्हती. ते कोणी घेतलं नाही, कारण ते घेण्यासाठी पद्धतीबद्दल बोलावं लागलं असतं.

जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. तेव्हा ‘महास्फोटाला आव्हान देणारे शास्त्रज्ञ’ म्हणून त्यांच्यावर रकाने भरून आले. आव्हान कसं देतात हे मात्र त्या रकान्यांत नव्हतं. आपल्या पर्यायी विश्वातही दीर्घिकांची अशीच दाटी आणि अशाच पोकळ्या तयार होतात का, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर संगणकावर तपासलं होतं, आणि माप तेच जोड्या मोजण्याचं वापरलं होतं. प्रस्थापिताशी भांडायचं तरी मोजपट्टी तीच. याच माणसाने २००८ साली सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून उत्तरं पाठवली, आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. ते नाणं म्हणजे या चाचणीतलं खोटं आकाश. ते नसतं तर ४६ टक्के हे यश वाटलं असतं. “चाळीसपैकी अठरा बरोबर सांगितल्या!” असं म्हणून लोकांनी पाया धरले असते.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत दोन वर्षांत तिघांना कर्करोग निघाला. गच्चीवर मोबाइल टॉवर होता. सोसायटीची सभा भरली. कोणीतरी म्हणालं, “एकाच विंगमध्ये तीन केसेस, आणखी काय पुरावा पाहिजे?” मग सगळे माझ्याकडे वळले. “सर, तुम्ही संख्याशास्त्रवाले, सांगा की.”

मी विचारलं, तिघांचे कर्करोग एकाच प्रकारचे आहेत का? नव्हते. टॉवर येण्याआधीच्या वर्षांत किती होते? कोणी मोजले नव्हते. या विंगमध्ये राहतात किती जण, त्यांची वयं काय, आणि एवढ्या माणसांत दोन वर्षांत एरवी किती जण आजारी पडले असते? कोणाला ठाऊक नव्हतं. मुंबईत अशा हजारो इमारती आहेत. त्यांतल्या काही इमारतींत निव्वळ योगायोगाने तीन निघणारच, आणि त्या इमारतींतच सभा भरणार. जिथे एकही निघाला नाही, तिथे सभा भरत नाही. हे मी सांगितलं आणि खोलीत शांतता पसरली. एक बाई म्हणाल्या, “तुम्हाला काही वाटतच नाही का हो?”

तिघांपैकी एक माझी बायको होती.

टॉवर निर्दोष आहे असं मी म्हटलं नव्हतं. मोजल्याशिवाय सांगता येत नाही, एवढंच म्हटलं होतं, आणि मोजायचं कसं ते सांगितलं होतं. चार तरुण पुढे आले असते तर आठवड्याभरात शेजारच्या, टॉवर नसलेल्या इमारतींची माहिती गोळा झाली असती. ते झालं नाही. टॉवर हटवायचा ठराव झाला, सगळ्यांना बरं वाटलं आणि विषय संपला. खालच्या मजल्यांवर भिंतींना येणारी ओल, शेजारच्या बांधकामाची धूळ, दिवसभर चालणारा जनरेटर, यांतल्या कशाकडेही नंतर कोणी पाहिलं नाही. कारण सापडलं होतं ना!

तेव्हा माझ्या लक्षात आलं की समूह खरा की योगायोगाचा, हा प्रश्न ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आणि आमच्या विंगमध्ये एकच आहे. आकाशाच्या बाबतीत तो शिकणं सोपं असतं, कारण तिथे कोणी आपलं नसतं. म्हणूनच तो तिथे शिकवायला हवा होता. आकाशावर लिहिणाऱ्यांनी, माझ्यासकट, ती संधी ‘अबब’ म्हणण्यात घालवली. बायकोने मला एकदा विचारलं, “मग माझ्याच वाट्याला का?” याचं उत्तर संख्याशास्त्राकडे नाही, आणि आहे असं मी तिला कधी भासवलं नाही. ज्योतिषाने मात्र तिच्या बहिणीला उत्तर दिलं होतं, आणि त्याचे पैसेही घेतले होते.

मराठीत विज्ञानाच्या बातम्या लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं छोटं आहे. कुठल्याही शोधाची बातमी देताना तीन वाक्यं जास्त लिहा. किती जागेत शोधलं. तेवढ्या जागेत योगायोगाने किती सापडलं असतं. आणि प्रत्यक्षात किती सापडलं. ‘विश्वातली सर्वांत मोठी’ हा मथळा त्यानंतरही द्यायचा असेल तर खुशाल द्या. आणि माझ्यासारख्यांनी, संपादकांचा फोन आला की तो अर्धा पान मजकूर काढू द्यायचा नाही.

परवा ग्रुपवर पुन्हा एक बातमी आली, कुठल्याशा ‘सर्वांत दूरच्या’ दीर्घिकेची. तिरंगे नव्हते, कारण शोध परदेशातला होता. सातव्या मजल्यावरच्या त्या तरुणाने खाली लिहिलं होतं, “आधीचा रेकॉर्ड किती होता?” मी त्याला अंगठा पाठवला.